बीबी का मकबरा : सात आण्यांपर्यंतचा हिशेब

मोशी-चाकण परिसरातून कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनास किंवा वेरूळची जैन लेणी पाहण्यास जाणारी कुटुंबे छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबऱ्यासही धावती भेट देतात. ‘गरिबांचा ताजमहाल’ या उपाधीने मात्र या वास्तूवर अन्यायच झाला आहे.

औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम १६५७ मध्ये निवर्तली. तिची ही समाधी पुत्र आझमशाहाने बांधली, अशी प्रसिद्धी आहे. परंतु आझमचा जन्म १६५३ चा. माता गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि १६६१ च्या सुमारास काम पूर्ण झाले तेव्हा आठ वर्षांचा होता. म्हणूनच मूळ आज्ञा औरंगजेबाची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रवेशद्वारावरील लेखात स्थापत्यकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी नाव जोडलेल्या उस्ताद अहमद लाहोरींचा पुत्र.

गुलाम मुस्तफा यांच्या ‘तारीखनामा’ या ग्रंथात खर्चाचा आकडा दिला आहे : ६,६८,२०३ रुपये ७ आणे. या जमाखर्चातील मोठे कलम संगमरवराच्या वाहतुकीचे असणार. तो जयपूरकडील खाणींतून आणला जाई. फ्रेंच जवाहिऱ्या तवेर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्यास जाताना संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या पाहिल्या; त्यांतील सर्वांत लहान गाडीसही १२ बैल जुंपलेले होते.

हा भार ध्यानी घेता वास्तूची रचना उलगडते. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर वापरला आहे. मधल्या भिंती दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या असून त्यांवर चुन्याचा शुभ्र गिलावा आहे. त्यातील वेलबुट्टी पाहण्याजोगी आहे. दुर्लभ माल मोक्याच्या जागी आणि उरलेले काम स्थानिक सामग्रीत, ही व्यवहारदृष्टी व्यापारी कुटुंबांना सहज पटावी. मात्र गिलावा संगमरवराइतका टिकत नाही. ऊनपावसाने तो झिजतो. म्हणून त्यास हात न लावणे आणि भिंतीवर नावे न कोरणे, एवढे तरी प्रत्येक पाहुण्याने पाळावे.

आत गेल्यावर सज्जातून खाली पाहावे. अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत बेगमेची कबर आहे. जवळच खुलताबाद येथे औरंगजेबाची कबर आहे. तिच्यावर घुमट नाही, वर केवळ आकाश आहे. सात लाखांच्या आसपास खर्चून पत्नीची समाधी उभी राहिली. बादशहास स्वतःसाठी मात्र उघडी माती पुरली. ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहता येतात, आणि तशीच पाहावीत.