तुळई आडवी की उभी?

माझ्या हातात ही साधी फूटपट्टी आहे. आडवी धरली की बोटाने वाकते. आता हीच कडेवर उभी धरून वाकवून बघा. नाही ना जमत? प्लास्टिक तेच, फक्त धरायची तऱ्हा बदलली.

नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले आणि विवळवेढ्याच्या आसपासही घरांच्या डागडुजीचा विषय निघू लागला. जो तो सांगतो, ‘जाड लाकूड घे.’ पण ते ठेवायचं कसं, हे कुणी विचारत नाही.

वरून भार आला की तुळई झोल घेते. तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि अगदी मधला थर जवळजवळ रिकामाच बसतो. काम करणारे वरचे-खालचे थर एकमेकांपासून जितके लांब, तितका त्यांचा जोर जास्त. समजा २ बाय ६ इंचाचं लाकूड आहे. ते आडवं न टाकता उभं ठेवलं, तर उंची तिप्पट होते, रुंदी एक तृतीयांश. ताकद उंचीच्या वर्गाने वाढते: ९ भागिले ३, म्हणजे तिप्पट भार. वाकणं घनाच्या हिशोबाने कमी होतं: २७ भागिले ३, म्हणजे झोल नवव्या हिश्श्याइतकाच. खर्च तेवढाच! मात्र फार पातळ फळी उभी करू नका, ती कुशीवर पडते. आणि भूकंपात तुळई खांबाला घट्ट बांधलेली हवी, पण तो वेगळ्या दिवसाचा विषय.

मधला थर रिकामा बसतो, तर तो हवाच कशाला? बांबू बघा. मध्ये पोकळ, आणि नळी चपटी होऊ नये म्हणून पेरापेराला गाठ. आपल्याच तालुक्यांतून जाणाऱ्या बुलेट ट्रेनच्या पुलाचे ४० मीटरचे गर्डरसुद्धा आतून पोकळ पेटीसारखे असतात. तरी एकेकाचं वजन ९७० टनांच्या आसपास!

आता एक गैरसमज. गोल ओंडका म्हणजे गावठी आणि चिरलेली चौकोनी तुळई म्हणजे पक्की, असं लोक धरून चालतात. गणित उलट सांगतं. ओंडक्यातून सर्वांत मजबूत तुळई काढायची तर रुंदी ५ आणि उंची ७ असं प्रमाण ठेवतात. पण न चिरलेला तोच ओंडका तिच्यापेक्षा सुमारे दीडपट भार पेलतो. कुडाच्या घरात वाडवडील गोल लाकूड टाकायचे, ते काही अडाणी नव्हते. साल तेवढी काढा, तिच्याखाली कीड लागते.

आणि खाच! झोपाळ्याच्या दोरीसाठी तुळईच्या मध्यावर खालून खाच पाडलेली मी पाहिली आहे. नेमका तिथेच ताण सर्वांत जास्त. ६ इंचांतले दीड इंच गेले की उरले साडेचार. वर्ग काढा, ताकद निम्म्याच्या जवळ येते, आणि खाचेच्या कोपऱ्यातून चीर सुरू होते ती वेगळीच. वायरीसाठी भोक पाडायचंच असेल तर लहान पाडा, आणि उंचीच्या मधोमध.