थांबणार का दोन मिनिटं?

रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं की आपला पाय ब्रेकवर जातो की ॲक्सिलेटरवर? त्या चार-पाच सेकंदांबद्दल थोडंसं...

शनिवारची संध्याकाळ. नांदेडहून लातूरला निघालेली कार. लोहा गेलं, अहमदपूर मागे पडलं. फुल व्हॉल्यूमवर गाणी आणि रात्री मित्राकडे मस्त जेवणाचा बेत. चाकूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आडवी झालेली बाइक दिसते, शेजारी एक माणूस. चार जण उभे आहेत, त्यातले दोघं मोबाइलवर शूटिंग करताहेत. तुम्ही स्पीड कमी करता, काचेतून बघता आणि शेजारच्या सीटवरून आवाज येतो, ‘चल रे, कशाला लफड्यात पडतोस? पोलीस केस असते.’

खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?

आता याच भागातली दुसरी गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. पहिल्यांदा हातानं माती उपसायला लागले ते गावातलेच, वाचलेले लोक. मग आर्मी आली, डॉक्टर आले, राज्यभरातून मदतीचे ट्रक आले. पाच दिवसांनी ढिगाऱ्याखालून एक लहान मुलगी जिवंत निघाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हणजे धावून जाणं आपल्याला जमतं. मग हायवेवर काय होतं?

आधी जीव, मग कागद

हायवेवर आडवी येते ती भीती. आणि ती काही उगाच नव्हती. एका स्कूटरस्वाराला कारनं उडवलं. जवळच्या हॉस्पिटलनं ‘पोलीस केस आम्ही घेत नाही’ म्हणून २० किलोमीटर लांबच्या हॉस्पिटलचा रस्ता दाखवला. तो वाटेतच गेला. पेपरातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले. २८ ऑगस्ट १९८९ ला निकाल लागला : डॉक्टर सरकारी असो की खासगी, समोर आलेल्या जखमीचा जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम. पोलिसांचे सोपस्कार नंतर. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतही हेच आहे. एरवी कोणता पेशंट घ्यायचा हे डॉक्टरनं ठरवावं, पण इमर्जन्सीत मदतीची हाक आली तर जायला हवं.

हे झालं डॉक्टरांचं. आपलं काय? ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्यांसाठीचे नियम देशभर बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातही हे संरक्षण आलं. थोडक्यात, ‘लफडं’ हे कारण आता जुनं झालं!

गंमत म्हणजे, थांबलं नाही म्हणून आपल्याला शिक्षाही नाही. अपघातातल्या ड्रायव्हरवर जखमीला मदत करायचं कायदेशीर बंधन आहे, रस्त्यानं जाणाऱ्यावर नाही. कायदा आपल्याला अडवत नाही आणि ढकलतही नाही. पुढचा निर्णय ज्याचा त्याचा.

त्यासाठी पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं १९७२ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता. उथळ तळ्यात एक लहान मूल बुडतंय. तुम्ही आत उतरलात तर कपडे चिखलानं खराब होतील, बस्स. उतरायचं की नाही? कपड्यांचा हिशोब कुणीच करणार नाही. मग सीटकव्हरला रक्त लागेल, जेवणाला उशीर होईल, हा हिशोब आपण हायवेवर का करतो?

चेहरा दिसत नाही तेव्हा

पण फक्त थांबलं म्हणजे झालं का? समोर संकटात असलेल्या माणसासाठी आपण काहीही करायला तयार होतो. वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक अल्बर्ट जॉन्सन यांनी १९८६ मध्ये या ओढीला ‘बचावाचा नियम’ असं नाव दिलं. यात एक गोची आहे. ज्याचा चेहरा दिसत नाही, तो मागे राहतो.

३० सप्टेंबर २०२३. किल्लारीला बरोबर ३० वर्षं झाली तो दिवस. तेव्हापासून १ ऑक्टोबरपर्यंतच्या २४ तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ पेशंट दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. बरेच जण अगदी शेवटच्या अवस्थेत, लांबून आणलेले होते, असं हॉस्पिटलचं म्हणणं होतं. मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली.

इथे उपसायला ढिगारा नव्हता. अशा ठिकाणी जीव वाचवायचा तर धावपळ आधी करावी लागते. नर्सची जागा वेळेत भरणं, औषधं वेळेत येणं, तालुक्याच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असणं. आपल्या सरकारी दवाखान्यात किती पदं रिकामी आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारायला १० रुपये लागतात. एका कॉफीपेक्षा कितीतरी कमी! हेही कुणाला तरी वाचवणंच आहे, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

त्याला वेळ लागेल. चाकूरच्या अलीकडे पडलेल्या त्या माणसाकडे मात्र तेवढा वेळ नाही. त्याच्यासाठी इंडिकेटर द्या, गाडी बाजूला घ्या.

थांबलात तर...

• आधी १०८ किंवा ११२ ला फोन. जवळचा दगड, ढाबा, फाटा, जे दिसेल ते सांगा.
• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.
• मान वाकवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका.
• हॉस्पिटलमध्ये पोहोचवल्यावर तुम्ही निघू शकता. नाव सांगायची सक्ती नाही आणि उपचाराचे पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत.
• आणि प्लीज, शूटिंग नको!