अर्धशिशी आणि एका मानसशास्त्रज्ञाचे संशोधन

डोके दुखते म्हणून रजा मागणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? आमच्या वहिनींना अर्धशिशीचा जुना त्रास. दुखणे उठले की उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, ओकाऱ्या होतात, दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागते. "कामाचा कंटाळा, दुसरे काय?" हे बोल त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले. त्यात आमचाही आवाज होता, हे येथे कबूल करणे भाग आहे. म्हणूनच हा विषय लिहावयास घेतला.

अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, हा मज्जासंस्थेचा विकार आहे. तो ढोंग नव्हे व मनाचा दुबळेपणाही नव्हे. मग मानसशास्त्रज्ञाचे त्यात काय काम? अमेरिकेतील ओहायो राज्यात अथेन्स गावी असलेल्या ओहायो विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक केनेथ होलरॉइड यांनी डोकेदुखीच्या अभ्यासातच अनेक दशके घालविली. त्यांच्या कामातून या प्रश्नाचे उत्तर मिळते.

1984 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार बोधक आहे. तो अर्धशिशीवर नसून ताणाच्या डोकेदुखीवर होता. त्या काळी बायोफीडबॅक हा उपाय प्रचारात होता. कपाळाच्या स्नायूंचा ताण यंत्राने मोजून रुग्णाला कळवावयाचा, म्हणजे तो स्नायू सैल करावयास शिकतो, अशी त्यामागील कल्पना. होलरॉइड यांनी एक युक्ती केली. आपण स्नायू सैल करीत आहोत असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात निम्म्यांकडून ताण वाढविला जात होता! शिवाय काहींना "तुम्ही उत्तम प्रगती करीत आहात" असे दाखविले, तर काहींना "बेताची". उत्तम प्रगती दाखविलेल्यांची डोकेदुखी 53 टक्के कमी झाली, इतरांची 26 टक्के. स्नायू खरोखर सैल झाले की आवळले, याने फरक पडला नाही. यावरून दुखणे काल्पनिक होते असे कोणी म्हणू नये. "यावर माझा काही ताबा चालतो" हा भरवसा आला की माणूस वेळीच सावध होतो, वागणे बदलतो, असा याचा अर्थ.

1990 साली त्यांनी डोनाल्ड पेन्झिन यांच्यासमवेत अर्धशिशीवरील जुन्या चाचण्या एकत्र तपासल्या. प्रोप्रॅनोलॉल या औषधाच्या 25 व शिथिलीकरण-बायोफीडबॅकच्या 35. दोन्ही उपायांनी त्रास सरासरी 43 टक्के घटला होता. नुसत्या फसव्या गोळीने 14 टक्के.

मग औषध सोडून द्यावे काय? मुळीच नाही. 2010 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांची 232 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. दुखणे उठल्यावर घ्यावयाचे चांगले औषध सर्वांनाच दिले होते. तेवढ्यानेच महिन्याचे झटके सरासरी 2.1 ने कमी झाले. त्याला बीटा ब्लॉकरची जोड दिली तरी 2.1, वर्तनशिक्षणाची दिली तरी 2.2. दोन्ही एकत्र दिली तेव्हा मात्र 3.3! आमच्यासारख्या आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या माणसाला ही बेरीज चकित करणारी वाटली.

या वर्तनशिक्षणात अवघड काही नाही. स्नायू सैल करण्याचा रोजचा सराव, झटका कशाने उठतो ते ओळखणे, ताण हाताळणे. महिन्याला एक अशा चार भेटी, बाकी अभ्यास घरी. तज्ज्ञाकडे वारंवार जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांचा विचार यात आहे, हे आम्हास विशेष वाटते.

आपल्याकडे मात्र दुकानातून गोळी आणावी व गिळावी, हीच रीत. विद्यार्थी तर परीक्षेच्या दिवसांत सर्रास असे करतात. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळीनेच डोकेदुखी जडू शकते. आणि एकाएकी कधी नव्हे इतके डोके दुखले, हातपाय लुळे पडले वा ताप येऊन मान आखडली, तर घरचे उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वहिनींनी आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक वही घातली आहे. तारीख, झोप किती, जेवण केव्हा, पाळी, दुखणे किती तास, गोळ्या किती. रकाने आम्हीच आखून दिले. पहिल्या दोन महिन्यांतच दिसून आले, की बहुतेक झटके पाहुण्यांच्या गडबडीत दुपारचे जेवण चुकलेल्या दिवशीचे होते. हल्ली पाहुणे आले तरी त्या आधी जेवून घेतात, आणि घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही.