विंडोज ११ चढवल्यावर कॉम्प्युटर सुरू होईना, तर

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे अनेक घरांत आणि दुकानांत जुन्याच कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवले गेले. बहुतेक ठिकाणी ते सुरळीत पार पडते. जिथे अडते, तिथे पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. माझ्या मते तो शेवटचा उपाय असावा. अशा वेळी फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट सहसा डिस्कवर शाबूत असतात. तुटलेली असते ती तिथवर पोचण्याची वाट. ती कुठे तुटली, हे पडद्यावरचा मजकूर सांगतो. म्हणून तो घाईने घालवू नका, मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा.

बटण दाबल्यावर आधी जागा होतो मदरबोर्डवरचा यूईएफआय प्रोग्राम. त्यालाच आपण सवयीने बायोस म्हणतो. तो डिस्कच्या एका छोट्या विभागातून बूट मॅनेजर उचलतो. विंडोज नेमके कुठे आहे याची नोंद बूट मॅनेजरजवळ असते. त्या नोंदीवरून कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि डिस्कचे ड्रायव्हर मेमरीत येतात आणि सगळ्यात शेवटी लॉगिनचा पडदा दिसतो.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे आले, तर गाडी पहिल्याच टप्प्यावर अडली आहे. याचे एक कारण वारंवार आढळते. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागते. कुणीतरी सांगते म्हणून आपण बायोसमध्ये जाऊन ‘लेगसी’ बदलून ‘यूईएफआय’ करतो. पण डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर यूईएफआयला तिच्यावर बूट मॅनेजर सापडत नाही. डिस्क बिघडलेली नसते. सेटिंग परत ‘लेगसी’ केले की जुने विंडोज बहुधा पूर्वीसारखे सुरू होते. मग बॅकअप घ्यावा, विंडोजमध्येच असलेल्या ‘एमबीआर-टू-जीपीटी’ या साधनाने मांडणी बदलावी आणि त्यानंतरच बायोसला हात लावावा. हा क्रम उलटा झाला की कॉम्प्युटर अडलाच.

‘युअर पीसी नीड्स टू बी रिपेअर्ड’ हा मजकूर पुढच्या टप्प्याचा. बूट मॅनेजर सापडला, पण त्याच्या नोंदी चुकल्या किंवा तो ज्या फाइलकडे बोट दाखवतो ती मिळाली नाही. इथे ‘स्टार्टअप रिपेअर’ बऱ्याचदा पुरते. सुरुवात सलग दोनदा फसली की विंडोज बहुधा आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. तसे झाले नाही, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज ११ उतरवून घ्या, त्यावरून सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘रिपेअर’ निवडा.

‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ याचा अर्थ कर्नल आला, पण त्याला डिस्क वाचता येत नाही. बायोसमध्ये डिस्कचा मोड एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट गेला आहे का, ते आधी पाहा. तसे नसेल, तर दोष ड्रायव्हरचा असू शकतो. दुरुस्तीच्या पडद्यावरून सेफ मोडमध्ये जाऊन नव्याने आलेला ड्रायव्हर काढता येतो. सेफ मोडही चालला नाही, तर दुरुस्तीच्या पडद्यावरूनच ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून पाहावे.

कधीकधी निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. हा बिघाड नव्हे. टीपीएम किंवा सिक्युअर बूटमध्ये बदल झाला, की एन्क्रिप्ट केलेली डिस्क मालकाची खात्री करून घेते. मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरत असाल, तर मोबाइलवरून त्यात लॉगिन करा. की बहुधा तिथे साठवलेली असते. ती कुठेच मिळाली नाही, तर मायक्रोसॉफ्टलाही ती नव्याने काढून देता येत नाही आणि डिस्कवरचा डेटा उघडत नाही.

विंडोज १० वर परत जायची सोय अपग्रेडनंतर साधारण १० दिवसच राहते, कारण त्यानंतर जुन्या विंडोजच्या फाइल पुसल्या जातात. तेव्हा काही खटकले तर याच मुदतीत निर्णय घ्या. आणि अपग्रेड अजून व्हायचे असेल, तर डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, बिटलॉकरची की कागदावर लिहून ठेवा, मगच सुरुवात करा.