मैदान सुटल्यावर माईक कुणाच्या हातात, शिट्टी कुणाच्या गळ्यात?

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त आमच्या भागातल्या एका मंडळाने फुटबॉलच्या स्पर्धा ठेवल्या होत्या. सात-सात जणांचे संघ, अर्धे मैदान, खडी बाजूला सारून चुन्याने मारलेल्या रेषा. माईकवर नेहमीचाच निवेदक होता. मिरवणुकीत, रक्तदान शिबिरात, वाढदिवसाला, सगळीकडे तोच असतो. देणगीदारांची नावे, अमुक भाऊंचे आगमन, त्यांचे स्वागत, आणि बॉल गोलपोस्टजवळ गेला की "वा रे पठ्ठ्या!" दुसऱ्या उपांत्य सामन्यात तो चहाला गेला आणि जाताना माईक शेजारी उभ्या असलेल्या एका मित्राकडे देऊन गेला. हा मित्र एकतीस वर्षांचा. कधीकाळी पुण्यातल्या एका क्लबच्या युवा संघात खेळलेला, आता दुचाकीवरून पार्सल पोचवतो.

तो आधी लाजला. मग म्हणाला, "पिवळ्या संघाचा डावा बॅक दर वेळी वर पळतोय. त्याच्या मागची जागा बघा, मोकळी आहे. गोल झाला तर तिथूनच होणार." पाच-सहा मिनिटांत तिथूनच झाला. कठड्यावर बसलेली पोरे वळून माईककडे बघायला लागली. तोवर निवेदक परत आला, त्याने माईक घेतला आणि पुन्हा देणगीदारांची यादी सुरू झाली.

मला तो प्रसंग विसरता येत नाही. फुटबॉल समजणारा माणूस समोर उभा असताना माईक त्याच्याकडे फक्त चहापुरता आला. आपल्या वस्त्यांमधून खेळाडू निघतात. खडकी, दापोडी, कॅम्प, येरवडा या पट्ट्यात ते कुणाला सांगावे लागत नाही. प्रश्न पुढचा आहे. गुडघा गेला, वय झाले, क्लब बंद पडला, की त्या माणसाच्या डोक्यात साठलेल्या खेळाचे काय होते?

पुण्यात 'क्लब बंद पडला' हे वाक्य तर फारच खरे आहे. २००७ मध्ये पुणे एफसी सुरू झाला. गोव्याचे माजी खेळाडू डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि तिच्यासोबत एफसी पुणे सिटी. भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला आणि दिसेनासा झाला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम खेळून बाहेर पडला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद होऊन त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. बालेवाडीच्या स्टेडियमला घर म्हणणारे संघ दहा-बारा वर्षांत आले आणि गेले. मालकांनी पैसे दुसरीकडे लावले. या संघांच्या अकादम्यांमध्ये उमेदीची वर्षे घालवलेली पोरे मात्र इथेच राहिली.

अशा माजी खेळाडूपुढे खेळातच राहण्याचे मुख्य रस्ते दोन: प्रशिक्षक होणे किंवा खेळाबद्दल बोलणे. बाहेरून ही दोन्ही कामे सारखी वाटतात आणि दोन्हीसाठी 'खेळलेला आहे ना, मग झाले' असे आपण समजतो. तसे नाही.

टीव्हीवर सामना पाहताना साधारण दोन आवाज ऐकू येतात. एक जण चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला ते सांगत राहतो. त्याचे काम आवाज, वेग, नावे अचूक घेणे. तो खेळाडू असलाच पाहिजे असे नाही. मल्याळममध्ये फुटबॉलचे समालोचन घराघरांत नेणारे शैजू दामोदरन हे मूळचे पत्रकार. दुसरा आवाज विश्लेषकाचा. गोल 'का' झाला, बचावपटू कुठे चुकला, प्रशिक्षकाने बदल का केला, हे तो सांगतो. ही खुर्ची बहुतेक वेळा माजी खेळाडूची असते, कारण ऐंशीव्या मिनिटाला पायात गोळे आलेले असताना डोके कसे चालते हे त्याने भोगलेले असते.

या खुर्चीवर कोण बसतो याला महत्त्व आहे. २००४ मध्ये इंग्लंडचे नामांकित समालोचक आणि माजी प्रशिक्षक रॉन अ‍ॅटकिन्सन यांनी माईक बंद आहे असे समजून मार्सेल देसाई या कृष्णवर्णीय खेळाडूबद्दल वांशिक शिवी दिली. माईक चालू होता. त्यांना काम सोडावे लागले. पण शिवी निदान पकडता तरी येते. २०२० मध्ये डेन्मार्कच्या 'रनरिपीट' या संस्थेने इंग्लंडच्या खेळाडू संघटनेबरोबर युरोपातल्या चार मोठ्या लीगच्या ८० सामन्यांचे समालोचन वाक्यावाक्याने तपासले. बुद्धीबद्दल जी स्तुती झाली, तिच्यातली सुमारे ६२ टक्के उजळ वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्याला गेली. ताकदीचा विषय निघाला की समालोचक सावळ्या-काळ्या खेळाडूंबद्दल कितीतरी पटींनी जास्त बोलत होते. एक 'हुशार', दुसरा 'दांडगा'. बोलणाऱ्यांपैकी कुणालाच आपण भेदभाव करतोय असे वाटले नसणार. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे, शाळेपासून ऐकतोय. पुढचा भारतीय सामना बघताना वही घेऊन बसा. मणिपूर-मिझोरामच्या खेळाडूबद्दल 'चपळ', 'दमदार' किती वेळा येते आणि 'विचारी' किती वेळा, एवढेच मांडा. समाजशास्त्राच्या वर्गात शिकलो त्यापेक्षा जास्त त्या वहीत सापडेल.

भाषेचाही मुद्दा आहे. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे भारतातले थेट प्रक्षेपण जिओसिनेमावर इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगालीत होते. मराठी त्यात नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच ठिकाणी आयपीएल मात्र मराठीत ऐकता आली. तिथे मराठी समालोचन करत होता आपल्या पुण्याचा केदार जाधव. हंगाम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने त्याला बोलावून घेतले, आणि माईक ठेवून तो संघात गेला! क्रिकेटमध्ये खेळाडू आणि माईक यांच्यातले अंतर इतके कमी झाले आहे. मराठीत फुटबॉल समजावून सांगणारे दहा माजी खेळाडू आज तयार असतील, तर उद्या वाहिनीला 'माणसेच मिळत नाहीत' हे कारण देता येणार नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे आणि तालमींचे संघ भिडतात तेव्हा अख्खे शहर फुटबॉलवर मराठीतच भांडते. म्हणजे भाषा कमी पडत नाही.

आता शिट्टीकडे, म्हणजे प्रशिक्षणाकडे. चांगला बोलतो म्हणून चांगला शिकवेल, हे गृहीत धरणे किती महाग पडते याचे उदाहरण गॅरी नेव्हिल. मँचेस्टर युनायटेडचा हा माजी बचावपटू टीव्हीवरचा उत्तम विश्लेषक. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबने त्याला थेट मुख्य प्रशिक्षक केले. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नाही, खेळाडूंची भाषा येत नाही. मार्च २०१६ मध्ये त्याला काढले. थिएरी हेन्रीसारखा महान खेळाडूही टीव्हीवरून आणि सहायकपदावरून मोनॅकोचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि साधारण तीन महिन्यांत घरी गेला. पुढे, २०२४ मध्ये, त्याच हेन्रीच्या हाताखाली फ्रान्सने ऑलिंपिक रौप्य जिंकले. मधल्या काळात तो शिकला.

विश्लेषकाला चूक दाखवता आली की त्याचे काम झाले. प्रशिक्षकाला ती चूक मंगळवारच्या सरावात, उपाशी आलेल्या चौदा वर्षांच्या पोराकडून, त्याचा अपमान न करता दुरुस्त करून घ्यावी लागते. वयानुसार किती पळवायचे, दुखापत कशी ओळखायची, मुलींच्या संघाशी कसे वागायचे, सरावाचा आराखडा कागदावर कसा मांडायचा, हे सगळे शिकावे लागते. त्यासाठी परवान्यांची शिडी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना ही तिची खालची पायरी. त्याखाली ग्रासरूट्सचे छोटे अभ्यासक्रम. डीच्या वर सी, बी, ए आणि शेवटी प्रो, हे आशियाई महासंघाच्या मान्यतेचे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा वेगळा रस्ता. शाळा, अकादमी, क्लब, कुठेही गेलात तरी आधी कागद मागतात. 'मी अमुक क्लबकडून खेळलोय' हे वाक्य फाटकापर्यंतच चालते.

ही शिडी चढता येते. खालिद जमील मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळले. दुखापतींनी खेळ लवकर संपला. मुंबई एफसीला कित्येक वर्षे शिकवले, मग मिझोरामच्या ऐझॉलसारख्या छोट्या संघाला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली. तरीही सुपर लीगमधल्या संघाचे पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षकपद भारतीय माणसाला मिळायला २०२१ उजाडले. ते मिळाले त्यांनाच, नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. गोव्याच्या सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी त्या जागी भारतीय आला. गोव्याच्याच माजी खेळाडू मेमोल रॉकी २०१७ मध्ये भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. आमच्या मुलींना हे नाव मी मुद्दाम पाठ करायला लावते.

खेळू देणे आणि नेतृत्व देणे यातला फरक पुण्याने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे. पालवणकर बाळू इथल्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळत, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत तयार झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते, पण कर्णधारपद त्यांना कधी दिले नाही. ते मिळाले १९२३ मध्ये, धाकटे भाऊ विठ्ठल यांना. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते, हे वाचकांना आठवेल. ते आठवूनही मैदानावर त्यांच्याशी झालेला अन्याय अन्यायच राहतो.) इंग्लंडमध्येही हेच. व्हिव्ह अँडरसन १९७८ मध्ये राष्ट्रीय संघात आला, पण प्रीमियर लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक दिसायला १९९६ लागले, आणि तोही डच, रुड गुलिट. शेवटी २०२० मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेला प्रशिक्षक आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुकांसाठी विविधतेची संहिताच आणावी लागली. पाय कुणाचेही चालतात, डोके निवडून घेतात.

नागपूरची गोष्ट 'झुंड'मुळे सगळ्यांना माहीत आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरे पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. सिनेमा विमानतळाशी संपतो, म्हणून आपणही तिथेच टाळ्या वाजवून उठतो. मला त्या कामातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. २०१० च्या रिओतल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार असलेला अखिलेश पॉल नंतर प्रशिक्षक झाला. जो शिकला त्यानेच पुढच्या पोरांना शिकवायला घेतले. बाहेरून देणग्या आटल्या तरी अशी साखळी टिकू शकते.

सरकारी योजना आहेत. २०२० मध्ये जाहीर झालेल्या खेलो इंडिया केंद्रांमध्ये माजी विजेत्या खेळाडूंनाच प्रशिक्षक म्हणून घ्यायचे ठरले. कल्पना चांगली. पण 'विजेता' म्हणजे ज्याच्याकडे राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीचा दाखला आहे तो. युवा संघात सहा वर्षे घालवून क्लबबरोबर बुडालेला माझा पार्सलवाला मित्र त्यात कुठेच बसत नाही. त्याच्यासाठी डी परवाना हाच दरवाजा. त्याची अडचण फीची आहेच, पण त्याहून मोठी दोन आहे: कोर्ससाठी कामावर खाडा केला की त्या दिवसांची कमाई गेली, आणि इंग्रजी शब्दांची भीती. 'ट्रान्झिशन', 'प्रेसिंग', 'लो ब्लॉक' हे तो पायाने जाणतो, कागदावर बघितले की गप्प होतो.

या दोन्ही गोष्टी मंडळांच्या आवाक्यातल्या आहेत. जयंतीला डीजेवर एका रात्रीत किती जातात हे मी इथे लिहिणार नाही, हिशेब तुमच्याकडेच आहे. त्यातून वर्षाला दोन जणांची कोर्सची फी आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी निघू शकते. दोघांतली एक मुलगी असावी. विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते, तिथेच आठवड्यातून एकदा फुटबॉलचे इंग्रजी शब्द, सरावाचा आराखडा लिहिणे आणि लहान मुलांच्या सुरक्षिततेचे नियम घेता येतात. शिकवायला आपलेच शिक्षक, परिचारिका आहेत. आणि माईकसाठी तर खर्चच नाही. वस्तीतल्या स्पर्धा पोरे आता मोबाईलवरून यूट्यूबला दाखवतातच. त्या प्रक्षेपणावर एकाने चेंडू सांगावा, दुसऱ्याने कारण सांगावे, मग घरी जाऊन स्वतःचे ऐकावे. दहा सामने झाले की नमुना म्हणून पाठवण्यासारखे काहीतरी हातात येते.

आमच्या मंडळाची यंदाच्या स्पर्धेची बैठक झाली. निवेदकाला देणगीदारांची यादी फक्त मध्यांतरात वाचायची, असे ठरले. तो जरा रुसला आहे. पार्सलवाल्या मित्राला त्या दिवशी सुट्टी मिळते का, ते अजून कळायचे आहे.