कळसूबाई चढायचंय? मग नियोजन घरूनच सुरू करा!

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात डोंगर आहेत, पण ते तसे बुटकेच. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. ही चढाई मध्यम अवघड मानली जाते. उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पण तयारी नसेल तर मध्यम डोंगरही अवघड होतो.

१) महिना निवडा. पावसाळ्यात खडक निसरडे होतात, धुक्यात वाट दिसत नाही. उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते जानेवारी निवडावा.

२) प्रवासाचा थकवा मोजा. धामणगावहून रेल्वेने इगतपुरी आणि तिथून गाडीने पायथ्याचं बारी गाव, म्हणजे रात्रभराचा प्रवास. जागरण करून लगेच चढू नका. बारीत मुक्काम करा, गावातला माहितगार वाटाड्या सोबत घ्या.

३) वेळेचं गणित मांडा. चढायला ३ ते ४ तास, उतरायला साधारण ३ तास धरा. सकाळी ६ ला निघालात तर १० पर्यंत माथा येतो. गट मोठा असला की शिड्यांवर खोळंबा होतो, म्हणून ११ ही परतीची वेळ आधीच ठरवा. माथा आला नसला तरी ११ वाजता मागे फिरायचं!

४) सराव करा. महिनाभर रोज पाठीवर दप्तर घेऊन जिने चढा-उतरा. बहुतेकांचे गुडघे उतरताना बोलतात.

५) पिशवीत काय? प्रत्येकी ३ लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, विजेरी, टोपी, गरम कपडे, प्रथमोपचार पेटी. चांगली पकड असलेले, वापरून मऊ झालेले बूट घाला. नवे बूट फोड आणतात.

६) गटाचा नियम. पुढे वाटाड्या, शेवटी एक शिक्षक. चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा! चिडवलं की तो दम लागल्याचं सांगत नाही, आणि धोका तिथंच सुरू होतो. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत, सेल्फी नको. विजा कडाडू लागल्या तर माथा आणि शिड्यांपासून दूर व्हा. मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ धूर किंवा आरडाओरडा करू नका.

७) घरी सांगून जा. मार्ग, परतीची वेळ आणि सोबत्यांची नावं कागदावर लिहून घरी व शाळेत ठेवा. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. डोंगरात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून हा कागद महत्त्वाचा.

शिखर कुठं पळून जात नाही. यंदा राहिलं तर पुढच्या हिवाळ्यात चढू. सगळे सुखरूप घरी पोहोचले, की सहल यशस्वी झाली.

उपक्रम : तुमच्या गटासाठी वरील ७ मुद्द्यांचा तक्ता वहीत तयार करा.