कॅम्पाची सनद

उल्हासनगरचा पत्ता आजही छावणीच्या भाषेत सांगतात. आधी कॅम्प, मग सेक्शन, मग बॅरेक आणि खोली. रिक्षात बसून नुसतं ‘तीन नंबर’ म्हटलं तरी पुरतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या या पाच कॅम्पांत फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखाच्या आसपास माणसं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नगराची कोनशिला बसवली आणि शेजारच्या नदीवरून गावाचं नाव पडलं.

‘सिंधी मुळात व्यापारी, कुठेही टाका, तगणारच’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. हे म्हणणं सरकारला फार सोयीचं आहे. अंगच्या हुन्नराला पाय टेकायला जागा लागते आणि ती इथे मिळाली, हे त्यात गाळलं जातं.

लांबलचक बॅरेकींचे तुकडे पाडून एकेका कुटुंबाला दिलेले, मध्ये गोणपाटाचा पडदा. पलीकडच्या बिऱ्हाडात काय शिजतंय आणि कशावरून वाजलंय, सगळं अलीकडे कळणार. पण पलीकडचाही सिंधीच. उधारी, भागीदारी, सोयरीक यांना लागणारी ओळख त्या पडद्यातून आरपार जात होती. हीच माणसं दहा जिल्ह्यांत विखरून टाकली असती तर हे घडतं ना. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातही असंच झालं. पोलंडचे निर्वासित युद्धकाळात जिथे राहिले, त्या छावणीत पुढे सिंधी आले. घाऊक कापडासाठी आपण जातो ते गांधीनगर हेच.)

दुसरा आधार रेल्वेचा. पापड, गोळ्या, किरकोळ माल घेऊन लोकलमध्ये चढायचं आणि मुंबईपर्यंत विकत जायचं. नफा चिमूटभर, पण माल हातात थांबू द्यायचा नाही. पुढे फर्निचर, कापड, जीन्सचे बाजार उभे राहिले ते याच हिशेबावर.

पण माझ्या मते खरी किल्ली कागदाची. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई कायद्याने सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचे ‘क्लेम’ मंजूर होऊ लागले आणि त्यापोटी छावणीतल्या जागा नावावर होऊ लागल्या. हातात सनद आली. पाहुणा घरमालक झाला. मग त्याने पुढे दुकान काढलं, मागे संसार थाटला, वर मजला चढवला. परवानगीची फिकीर मात्र फारशी कुणी केली नाही. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शेकडो बेकायदा इमारतींवर हातोडा चालवायला सांगितलं, तेव्हा सरकारला २००६ साली या एका शहरापुरता नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. एकाही पक्षाला इथल्या मतदाराला दुखवणं परवडणारं नव्हतं, हेही खरंच.

आज पाच नंबरच्या जीन्सच्या गाळ्यांत मशीनवर बसलेले कारागीर बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे. कुणी ओव्हरलॉक मारतो, कुणी खिसे, कुणी चेन, मजुरी पीसवर. गावचा माणूस ओळख देतो आणि नवा पोरगा कामाला लागतो. ओळखीचा हा धागा तोच जुना. पण त्यापुढे सनदेसारखं काही नाही. गाळा मालकाचा, खोली भाड्याची. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून जीन्स धुण्याचे कारखाने बंद करायला लावले, तेव्हा प्रदूषणाचा प्रश्न रास्तच होता. पण बेकार झालेल्या मजुरांचा विचार कुठल्या फाइलीत झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि सिंधमधून येणंही फाळणीच्या लाटेबरोबर थांबलं नाही. आलेल्या कुटुंबाला नातलग घर बघून देतात, दुकानात काम देतात, पोरांना शाळेत घालतात. ही सगळी व्यवस्था शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. अडतं ते कागदापाशी. दीर्घ मुदतीचा व्हिसा, त्याचं नूतनीकरण, पोलिसांकडे नोंद, आणि मग नागरिकत्वाचा अर्ज. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले, पण त्याचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच. २०१५ साली जो पोहोचला, त्याला जुन्याच रांगेत उभं राहावं लागतं.